बॅलास्ट पंप चालतो, पण बॅग भरत नाही: नवा पंप आणण्याआधी हे तपासा

बॅलास्ट म्हणजे बोट जड करायला लॉकरमधल्या बॅगांत भरायचं पाणी. ते भरणाऱ्या पंपाचा स्विच दाबला की मोटरचा आवाज येतो. डावी बॅग टम्म फुगते, उजवी मात्र लॉकरच्या तळाशी तशीच चपटी पडून राहते. बोट एका अंगाला कलते, लाट एका बाजूने उभी आणि दुसऱ्या बाजूने फेसाळलेली येते, आणि बोर्ड बांधून पाण्यात थांबलेला माणूस वाट पाहून कंटाळतो. मग नवा पंप येतो. एक-दोन वेळा सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इकडे ऑस्टिनजवळ लेक ट्रॅव्हिसवर जुन्या वेकबोर्ड बोटी (बोटीमागे दोरी धरून, पायाला फळी बांधून लाटेवर खेळायच्या) घेतलेल्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

माझं म्हणणं असं, की पंप बहुतेक वेळा निर्दोष असतो. दोष असतो त्याच्यापर्यंत पाणी येण्याच्या वाटेत, नाहीतर वीज येण्याच्या वाटेत. या दोन वाटा न तपासता पंप बदलला तर पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोट जितकी जड, तितकी ती पाण्यात खोल बसते, तितकं जास्त पाणी बाजूला सारते आणि मागची लाट तितकी मोठी होते. करेक्ट क्राफ्ट कंपनीने १९९७ साली टॉवर असलेली सुपर एअर नॉटिक आणली, तेव्हापासून खास वेकबोर्डसाठी बांधलेल्या बोटी रूढ झाल्या. वजनासाठी तळ्याचंच पाणी बॅगेत भरायचं आणि निघताना सोडून द्यायचं, ही साधी कल्पना. अमेरिकन गॅलनभर पाण्याचं वजन ८.३४ पौंड, म्हणजे ७५० पौंडांच्या बॅगेत साधारण ९० गॅलन, ३४० लिटर पाणी मावतं. मागच्या दोन लॉकरमध्ये अशा दोन बॅगा धरल्या तर पंपाला किती काम आहे ते लक्षात येईल.

आधी पंपाची जात ओळखा

यावरच पुढचं सगळं ठरतं, आणि नेमकं हेच कोणी पाहत नाही.

पहिली जात एअरेटर पंपाची. मासेमारीच्या बोटीत पकडलेले मासे जिवंत ठेवायच्या टाकीला पाणी पुरवतो तोच हा पंप. रूल, अॅटवुडचा सुनामी, जॉन्सनचे कार्ट्रिजवाले पंप हे या जातीतले. आत छोटा पंखा फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो. तो पाणी ढकलतो, पण हवेतून पाणी ओढून आणणं त्याच्याच्याने होत नाही. गावाकडे विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा आपण वरून बादलीने पाणी ओतून पंप भरून घेतो आणि मगच बटण दाबतो. हा पंप त्याच कुळातला आहे, फरक इतकाच की इथे फूट व्हॉल्व्ह नसतो. म्हणून तो पाण्याच्या पातळीच्या खालीच बसवावा लागतो, म्हणजे पाणी आपल्या पायाने चालत त्याच्यापर्यंत येतं. तो एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे प्रत्येक बॅगेला भरायला एक आणि रिकामी करायला एक असे दोन पंप लागतात.

दुसरी जात रबरी इंपेलरची. जॅब्स्कोचा बॅलास्ट पपी आणि जॉन्सनचा अल्ट्रा बॅलास्ट हे नेहमी दिसणारे. यात रबरी पाकळ्या दुमडत-उलगडत पाणी पुढे सरकवतात. हा स्वतः पाणी ओढून घेतो, पाण्याच्या पातळीच्या थोडा वर बसवला तरी चालतो, आणि विजेचे धन-ऋण उलटे केले की उलटा फिरतो. म्हणून एकाच पंपाने भरणं-रिकामं करणं दोन्ही होतं. पण तो कोरडा चालवायचा नाही. पाकळ्यांना वंगण पाण्याचंच असतं; अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त कोरडा फिरला की रबर तापतं, फाटतं.

लॉकर उघडून पाहा. एका बॅगेला दोन पंप दिसले तर बहुधा एअरेटर. एकच पंप, वर-खाली दोन्हीकडे चालणारा स्विच आणि पितळी किंवा प्लास्टिकच्या चपट्या डब्याला पुढून स्क्रूने बसवलेलं झाकण दिसलं तर इंपेलर. आवाजावरूनही कळतं: एअरेटर गुणगुणतो, इंपेलर घरघरतो.

एअरेटर असेल तर: हवा

दहातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. पंख्याभोवती हवेचा बुडबुडा अडकला की पंखा त्या हवेतच फिरत बसतो. मोटर चालू असल्याचा आवाज येतो, किंबहुना नेहमीपेक्षा हलका आणि वेगवान येतो, कारण पंख्यावर भारच नसतो. हा हलका आवाज ओळखायला शिका.

खात्री करायची पद्धत अशी. बोट पाण्यात, इंजिन बंद, सगळे स्विच बंद. थ्रू-हलवरचा, म्हणजे बोटीच्या तळातून पाणी आत घेणाऱ्या तोंडावरचा, बॉल व्हॉल्व्ह बंद करा. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावरचा पाइप सोडा, खाली फडकं ठेवा. आता व्हॉल्व्ह हळूच थोडासा उघडा. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर पाणी आपोआप पंपातून वर आलं पाहिजे. आलं, व्हॉल्व्ह बंद करून पाइप परत जोडला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि त्यानंतर पंप व्यवस्थित चालला, तर निदान झालं: पंप चांगला आहे, हवा अडकली होती.

पाणी आलंच नाही, तर वाट बुजली आहे. पिशवीचा तुकडा, शेवाळ किंवा शिंपले पाहा. लेक ट्रॅव्हिसमध्ये २०१७ साली झेब्रा शिंपले सापडले, आणि जी बोट कायम स्लिपमध्ये, म्हणजे धक्क्यावरच्या बांधायच्या जागेत, पाण्यात उभी असते तिच्या थ्रू-हलच्या जाळीत ते हमखास वस्ती करतात. वरून काही दिसत नाही; एक इंची तोंड आतून निम्मं होतं. चष्मा लावून बुडी मारा आणि हाताने चाचपून पाहा, पण हातमोजे घालून, कारण शिंपल्यांच्या कडा धारदार असतात.

आता हवा शिरते कुठून ते पाहू, कारण ती काढली तरी कारण तसंच राहिलं तर पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

पहिलं कारण ट्रेलर. बोट रॅम्पवरून पाण्यात सोडली की तळाच्या तोंडातून पाणी वर चढतं, पण पाइपमधली हवा बाहेर जायला वाट नसेल तर ती पंपाशीच अडकते. ट्रेलरवर येणाऱ्या बोटीत पहिली बॅग भरतानाच तक्रार येते आणि नंतर दिवसभर येत नाही, ती यामुळे. तात्पुरता उपाय म्हणजे पंप बंद ठेवून इंजिन क्षणभर रिव्हर्समध्ये टाकणं. प्रोपेलरचं पाणी तळाखालून पुढे येतं, तोंडात शिरतं आणि बुडबुडा वर ढकलतं. मग पंप चालू करा. त्याआधी मागे पाण्यात कोणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, विचारून भागवू नका.

दुसरं कारण पाइपचा उतार. थ्रू-हलपासून पंपापर्यंत आणि पंपापासून पुढे पाइप सतत चढता हवा. मध्ये कुठे तो वर जाऊन परत खाली आला की त्या कमानीत हवा साठते. जुन्या बोटींत कोणीतरी स्टिरिओचा अँप्लिफायर बसवताना पाइप त्याच्यावरून नेलेला असतो आणि तिथेच दुखणं सुरू होतं. पंपाचं बाहेरचं तोंडही वरच्या बाजूला वळवलेलं हवं. पंप आडवा बसवला असेल आणि तोंड खाली असेल, तर पंपाच्या पोटात वरच्या अंगाला हवा राहतेच. बऱ्याच एअरेटर पंपांचं डोकं फिरवून बसवता येतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यानेच अर्धी दुखणी बरी होतात.

तिसरं कारण थ्रू-हलची जागा. पॅडल व्हीलच्या (वेग मोजणाऱ्या चाकाच्या) किंवा दुसऱ्या एखाद्या फिटिंगच्या मागे, त्याच रेषेत तोंड असेल तर चालत्या बोटीत तिथे फेसच येतो. तोंडावर तिरपी जाळी म्हणजे स्कूप असेल, तर तो कोणत्या दिशेला आहे ते पाहा. भरण्याच्या पंपासाठी उघडी बाजू बोटीच्या नाकाकडे हवी. उलटा बसला असेल तर बोट चालताना तो पाणी आत ढकलण्याऐवजी बाहेर ओढतो, आणि पंपाच्या पोटातलं पाणीही जातं.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते लपून राहतं: सगळ्या पंपांना मिळून एकच थ्रू-हल. तळाला एक इंची तोंड, त्यावर तीन फाटे, तीन पंप. तिन्ही एकदम चालू केले की पाणी पुरत नाही हे उघड आहे. पण एकच चालू केला तरी घोळ होतो. एअरेटर बंद असताना त्यातून पाणी आणि हवा मोकळेपणाने आरपार जाते. मग चालू असलेला पंप तळ्यातून ओढण्याऐवजी शेजारच्या बंद पंपातून, त्याच्या रिकाम्या बॅगेतून हवा ओढतो, कारण ती वाट त्याला सोपी पडते. म्हणूनच एका रविवारी डावी भरत नाही, दुसऱ्या रविवारी उजवी: ज्या बाजूचा स्विच आधी दाबला तिच्यावर सगळं ठरतं. प्रत्येक फाट्यावर वेगळा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा), आणि तळाचं तोंड किमान दीड इंची, हा त्यावरचा उपाय. प्रत्येक भरण्याच्या पंपाला स्वतःचं थ्रू-हल देता आलं तर त्याहून उत्तम.

उलटी तक्रार: बॅग आपोआप रिकामी होते, किंवा आपोआप भरते

एअरेटर बंद असताना आरपार मोकळा असतो, याची ही दुसरी बाजू. रिकामं करणाऱ्या पंपाचा पाइप बोटीच्या बाजूला ज्या भोकातून बाहेर जातो, ते भोक बॅगेच्या वरच्या पातळीपेक्षा खाली असलं की पाणी उताराने जात राहतं. दोन फेऱ्यांत बॅग निम्मी होते आणि आपण पंपाला दोष देतो. पाइप बॅगेच्या माथ्याच्या वर नेऊन तिथून खाली आणा आणि सर्वात उंच जागी हवा आत घेणारा व्हेंटेड लूप बसवा. नुसती कमान पुरत नाही. एकदा पाणी वाहायला लागलं की सायफन कमानीवरूनही पाणी ओढून नेतो.

आपोआप भरण्याचं गणित मात्र वेगळं आहे, आणि इथे लूपवर विसंबून अनेकांची फसगत होते. वेकबोर्डचा वेग धरू ताशी २२ मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे ९.८ मीटर. या वेगाने समोरून आदळणारं पाणी तत्त्वतः ४.९ मीटर, १६ फूट उंच चढू शकतं. वेकसर्फिंगच्या (दोरी सोडून बोटीच्या लाटेवर तरंगण्याच्या) ताशी ११ मैलांनाही ते सव्वा मीटरच्या जवळ जातं. स्कूपमध्ये यातला काही दाब वाया जातो हे खरं, पण लॉकरमधला लूप जेमतेम दोन फूट उंच असतो. त्यामुळे पुढे तोंड केलेला स्कूप आणि उघडा व्हॉल्व्ह असेल तर पंप बंद असूनही बॅग भरत राहणार. बॅग भरली की बॉल व्हॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर स्विचने चालणारा विजेचा व्हॉल्व्ह बसवायचा. काही बोटबांधणी कंपन्या हाच दाब मुद्दाम वापरून पंपाशिवाय टाक्या भरतात, म्हणजे त्यात ताकद किती आहे पाहा. उलट चपट्या मश्रूम थ्रू-हलमध्ये हा त्रास बराच कमी होतो, पण चालत्या बोटीत हवा धरण्याचा संभव वाढतो. मी स्कूप आणि व्हॉल्व्हच्या बाजूचा आहे.

इंपेलर असेल तर: चोरटी हवा आणि कोरडा पंप

इंपेलर पंपात एअरलॉकची भानगड फारशी नाही. इथे पाणी न येण्याची कारणं दोन: पाकळ्या गेल्या, किंवा ओढण्याच्या बाजूने कुठूनतरी हवा शिरते.

आधी झाकण उघडा. चार-पाच स्क्रू असतात, कागदी गॅस्केट जपून काढा. पाकळ्या मोजा, प्रत्येक पाकळीच्या मुळाशी अंगठ्याने दाबून भेग पाहा. हिवाळाभर एकाच जागी दुमडून राहिलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या राहतात, त्यांच्यात ताण उरत नाही. एखादी पाकळी तुटलेली असेल तर तिचा तुकडा सापडेपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका. तो पाइपच्या कोपऱ्यात किंवा चेक व्हॉल्व्हच्या पडद्याखाली बसलेला असतो आणि नव्या इंपेलरलाही पाणी मिळू देत नाही. ‘नवा इंपेलर घातला तरी तेच’ या तक्रारीत असे तुकडे मी पाइपमधून काढले आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवा. खोल चरे लागले तर पाकळीच्या कडेने पाणी मागे गळतं. साधं सपाट झाकण उलटं करून बसवता आलं तर काम भागतं, नाहीतर नवं घ्या. बसवताना इंपेलरला ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा साबण लावा.

पाकळ्या ठणठणीत असूनही पाणी येत नसेल तर चोरटी हवा शोधायची. ढकलण्याच्या बाजूची गळती पाण्याच्या थेंबांनी कळते. ओढण्याच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वरच्या भागात, थेंब पडतच नाही. पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि सगळं कोरडं, निर्दोष दिसतं. पंप चालू करून प्रत्येक जोडावर, क्लॅम्पवर, गाळणीच्या झाकणावर साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे दोष. गाळणीच्या झाकणाची रबरी कडी हे पहिलं संशयित ठिकाण. हे करताना पंप कोरडा चालतो आहे याचं भान ठेवा, काही सेकंदांपुरताच चालवा.

पाइपसुद्धा पाहा. बिल्जमधला (बोटीच्या तळाच्या पोकळीतला) पातळ, वळ्यावळ्यांचा पाइप ओढण्याच्या बाजूला लावलेला असेल तर तो आत बसतो. बाहेरून ठीक दिसतो आणि पंप चालू होताच चपटा होतो. आत तार गुंफलेला, आतून गुळगुळीत पाइपच हवा.

बॅग भरताना ठीक, पण रिकामी करताना पाव भाग पाणी आत राहतं? तिथे व्हेंट पाहा. बॅगेच्या माथ्यावरच्या नळीतून हवा आत येते, बॅग फुगलेलीच राहते आणि पंपाला तळाच्या पाण्याआधी हवा मिळते. मग तो कोरडा चालतो आणि इंपेलर जळतो. व्हेंटच्या नळीत हवा बाहेर सोडेल पण आत घेणार नाही असा चेक व्हॉल्व्ह घाला. बॅग चिमत जाते आणि शेवटपर्यंत पाणी निघतं. चिमलेली बॅग ओढण्याच्या तोंडावरच चिकटू नये म्हणून तोंडाशी जाळी किंवा स्प्रिंग मात्र हवी. आणि व्हेंट कधीही पूर्ण बुजवू नका. इंपेलर पंप थांबत नाही, दाब वाढवत जातो. बॅग शिवणीवर फाटते किंवा लॉकरची फळी उचलते.

स्विचला टायमर लावलात तर इंपेलरचं आयुष्य किती वाढतं ते तुम्हालाच दिसेल. गप्पांच्या नादात रिकाम्या बॅगेवर चालू राहिलेला पंप हेच बहुतेक इंपेलरच्या मरणाचं कारण असतं.

विजेची वाट

मल्टिमीटर घ्या आणि पंपाच्या तारांवर, पंप चालू असताना व्होल्टेज मोजा. बंद असताना मोजलेला आकडा निरुपयोगी आहे. सडलेल्या जोडातूनही रिकाम्या तारेवर पूर्ण १२.६ दिसतं.

उदाहरण घेऊ. इंपेलर पंप १५ अँपियर घेतो. बॅटरीपासून स्विचमार्गे पंपापर्यंत २० फूट, परतीचे २० फूट, म्हणजे ४० फूट तांबं. गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. १६ गेजची वायर असेल तर तीत सुमारे २.४ व्होल्ट वाटेतच संपतात, बॅटरीवर १२.६ असताना पंपाला १०.२ मिळतात. १४ गेजमध्ये दीड व्होल्ट जातो, १० गेजमध्ये ०.६, ८ गेजमध्ये ०.४ पेक्षाही कमी. बोटींच्या विजेसाठी एबीवायसी या संस्थेचे जे दंडक आहेत, त्यात महत्त्वाच्या जोडण्यांना ३ टक्के आणि बाकीच्यांना १० टक्के घट चालते. बॅलास्ट दुसऱ्या गटात मोडला तरी अशा लांबीला मी १० गेजपेक्षा बारीक वायर वापरत नाही.

एअरेटर चार-पाच अँपियरच घेतो, म्हणून तिथे वायरपेक्षा जोड आधी दगा देतात. पंखा फिरण्याचा वेग पाचव्या हिश्शाने घटला की त्याचा दाब एक तृतीयांशाहून जास्त घटतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. सपाटीला ठीक चालणारा पंप मग लूपच्या उंचीवर पाणी चढवू शकत नाही. तळाशी पाण्यात लोळणारे निळे-लाल क्रिंप (दाबून बसवलेले जोड) कापून टाका, कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर वापरा, गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) लावा आणि जोड बिल्जच्या वर बांधा. ऋण तारेकडे दुर्लक्ष करू नका. निम्मे दोष तिच्यात सापडतात.

इंपेलर पंप थेट डॅशवरच्या स्विचने उलटसुलट चालवत असाल तर स्विचचे संपर्क जळतात. दोन रिले लावा, स्विचने फक्त रिले चालवा. एका दिशेने चालू असताना झटक्यात दुसऱ्या दिशेला नेऊ नका, मोटर थांबू द्या. फ्यूज पंपावर छापलेल्या आकड्याचा आणि मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घालणारे भेटतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: असं करू नका. इंपेलर आत चिकटला असेल, तो शोधा. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीशेजारून गेलेली असते.

पंप खरोखरच गेला असेल तर

पंपाच्या तारा सोडून थेट बॅटरीला जोडा, एअरेटर बादलीत बुडवा. हे काम मोकळ्या हवेत, बोटीबाहेर करा. तरीही पाणी आलं नाही तर मात्र नवा घ्या.

खोक्यावरचा आकडा उंची शून्य धरून दिलेला असतो. ताशी ८०० गॅलनचा पंप ९० गॅलनची बॅग हिशेबाने पावणेसात मिनिटांत भरेल. पाइपची वळणं, लूप आणि व्होल्टेज धरून नऊ-दहा मिनिटं धरा. म्हणून मागच्या मोठ्या बॅगांना १२०० चा घेतो. तळाला नवीन भोक पाडायला जागा आणि हिंमत असेल तर एअरेटरची जोडी, प्रत्येकाला स्वतंत्र थ्रू-हल. स्वस्त, शांत, आणि चुकून कोरडा राहिला तरी लगेच मरत नाही. भोक पाडायचं नसेल, किंवा पाण्याखाली जागाच नसेल, तर इंपेलर. मग दरवर्षी नवा इंपेलर हा खर्च धरूनच चाला. कोणताही घेतलात तरी इंजिनच्या कप्प्यात किंवा त्याला जोडलेल्या जागेत जाणाऱ्या पंपावर, स्विचवर, रिलेवर ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ (ठिणगीने वाफ पेटू न देणारं) लिहिलेलं हवं. गाडीच्या दुकानातला रिले तिथे लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्येच साठते.

थ्रू-हल ब्राँझचं, त्यावर लगेच बॉल व्हॉल्व्ह, सीलंट थ्री-एमचं ४२००. ५२०० लावलं तर पुढे काढताना फायबरचे पापुद्रे निघतात. प्रत्येक जोडाला दोन स्टेनलेस क्लॅम्प.

व्हॉल्व्हचा एवढा आग्रह का, तर हा हिशेब पाहा. पाण्याखाली एक फूट असलेल्या एक इंची भोकातून मिनिटाला १२ ते २० गॅलन पाणी आत येतं. ताशी ५०० गॅलनचा बिल्ज पंप अगदी नवा असला तरी मिनिटाला आठच गॅलन बाहेर टाकतो. म्हणजे एक पाइप निसटला की स्लिपमध्ये बांधलेली बोट रात्रीत तळाला जाऊ शकते. बोट सोडून जाताना सगळे व्हॉल्व्ह बंद, याला अपवाद नाही. आणि ७५० पौंडांच्या दोन बॅगा म्हणजे मागे नऊ मोठी माणसं बसवल्यासारखं आहे. क्षमतेच्या पाटीवरच्या आकड्यात ते वजन धरायचं.

पाणी पूर्ण काढणं

टेक्सासमध्ये झेब्रा शिंपले पहिल्यांदा २००९ साली लेक टेक्सोमामध्ये सापडले, आणि १ जुलै २०१४ पासून राज्यभर सार्वजनिक तळ्यातून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढणं कायद्याने बंधनकारक आहे. बॅलास्टही त्यात आलं. पंपाने रिकाम्या केलेल्या बॅगेत तळाशी पाणी उरतंच, आणि शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. रॅम्पवर ट्रेलर चढावर असताना मागचे पंप पुन्हा थोडे चालवा, पाइप सोडून निथळू द्या, बॅगांची तोंडं उघडी ठेवून वाळू द्या. दुसऱ्या राज्यात बोट नेणार असाल तर तपासणीच्या ठिकाणी बॅलास्टमध्ये १२० फॅरनहाइटचं गरम पाणी फिरवतात. बोटीचं बाहेरचं अंग धुताना वापरतात तितकं कढत पाणी पंपाच्या रबराला सोसत नाही.

ऑस्टिनला थंडी नसते म्हणून हिवाळ्याची तयारी टाळू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे जे गोठलं, त्यात पंपात उरलेलं पाणीही गोठतं आणि प्लास्टिकचं पोट फुटतं. सहज न गोठणारं गुलाबी, बिनविषारी प्रॉपिलिन ग्लायकॉल पंपातून बाहेर येईपर्यंत फिरवा आणि इंपेलर काढून घरात ठेवा.

सगळं दुरुस्त झाल्यावर एक काम लगेच करा. इंजिन चालू ठेवून, बोट थांबलेली असताना, प्रत्येक बॅग रिकामीपासून पूर्ण भरायला आणि पुन्हा रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि लॉकरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसह लिहा. शेजारी पंपावर मोजलेलं व्होल्टेजही लिहा. पुढच्या हंगामात वेळ वाढला आणि व्होल्टेजही पडलं असेल तर आधी जोड उघडा; व्होल्टेज तेवढंच असून वेळ वाढला असेल तर आधी पाण्यात उतरून थ्रू-हलची जाळी पाहा.